ताओ धर्म : जनतेचा मार्ग आणि राजवाड्याची वाट

काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी जो लढा उभा राहिला, तो रामाच्या दर्शनासाठी आसुसलेल्या भक्तांचा लढा नव्हता. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी ही गोष्ट स्पष्ट केली. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह नव्हता. त्यांच्यात चैतन्य यावे, आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, म्हणून तो होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती पुरी झाली. या एकवीस वर्षांत बाबासाहेबांनी आपल्या हाती एक माप दिले. धर्म किती गहन आहे, त्याचे ग्रंथ किती प्राचीन आहेत, हे आपण पाहात नाही. तो माणसाला माणूस म्हणून उभा करतो काय, आणि तो कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे आपण विचारतो.

हेच माप लावून आपण चीनच्या ताओ धर्माकडे पाहू. कारण या धर्माच्या इतिहासात आपल्या चळवळीला बरेच काही शिकण्यासारखे आहे आणि सावध होण्यासारखेही आहे.

१

ताओविषयी सुशिक्षितांत एक ठरीव मत आढळते. लाओत्सेचे तत्त्वज्ञान थोर; पण पुढे त्याचा जो धर्म झाला तो निव्वळ अंधश्रद्धेचा बाजार. चिनी भाषेत 'ताओ-च्या' म्हणजे ताओचा विचारसंप्रदाय आणि 'ताओ-च्याओ' म्हणजे ताओचा धर्म, असे दोन शब्द आहेत. परंतु त्या दोघांत पवित्र-अपवित्राची भिंत उभारण्याचे काम चीनमधल्या पंडित अधिकाऱ्यांनी आणि एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य अभ्यासकांनी केले. ऑक्सफर्डचे चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक जेम्स लेग यांनी १८९१ मध्ये लाओत्सेचा ग्रंथ इंग्रजीत आणला. त्यांनाही मूळ ग्रंथाबद्दल आदर होता आणि त्यानंतरच्या लोकधर्माबद्दल तिटकारा.

ही वाटणी आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडेही वेदान्त हे तत्त्वज्ञान ठरते आणि मरीआई, म्हसोबा ही अडाण्यांची दैवते ठरतात. ज्याच्या हाती लेखणी, त्याचा विचार तत्त्वज्ञान. ज्याच्या हाती कुदळ, त्याचा विचार अंधश्रद्धा. मरीआईची तरफदारी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिच्यापासून सुटका करून घेण्यासाठीच आपण धर्मांतर केले. पण एखाद्या धर्माचा निकाल लावताना तो निकाल कोणत्या वर्गाने दिला आहे, हे तपासल्याशिवाय तो स्वीकारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

२

लाओत्से नावाचा एकच माणूस खरोखर होऊन गेला काय, हा वाद जुना आहे. ख्रिस्तपूर्व १०० च्या सुमारास चिनी इतिहासकार स्स-मा छिएन याने त्याचे चरित्र लिहिले, तेव्हा त्यालाही त्याच्याबद्दल निश्चित सांगता आले नाही. ग्रंथ मात्र जुना आहे. १९९३ मध्ये हूपे प्रांतातल्या क्वोत्येन येथे एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले त्याचे भाग सापडले. ते ख्रिस्तपूर्व ३०० च्या आसपासचे आहेत. 'ताओ ते चिंग' या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ सुमारे ५००० अक्षरांचा आणि ८१ प्रकरणांचा आहे.

तो काळ चीनमधल्या राज्याराज्यांतील अखंड लढायांचा होता. कन्फ्यूशियसच्या अनुयायांनी या अराजकावर उपाय सांगितला तो 'ली'चा. ली म्हणजे विधी, रीत, मर्यादा. राजाशी प्रजेने, बापाशी मुलाने, नवऱ्याशी बायकोने कसे वागावे, कोणी कोठे उभे राहावे, याची ती संहिता. सामान्य रयतेपर्यंत ही ली पोचतच नाही, असेही त्यांच्या विधिग्रंथात नमूद आहे. चीनमध्ये आपल्यासारखी धर्मशास्त्राने बांधलेली चार वर्णांची उतरंड नव्हती. हा फरक विसरून चालणार नाही. तरीपण माणसाची किंमत त्याच्या पायरीवरून ठरवणारी नजर तीच होती.

लाओत्सेने या पायऱ्यांनाच नकार दिला. मूळची माणुसकी आटली की मग विधींचा सुकाळ होतो, अशी त्याची धारणा. त्याने आदर्श म्हणून पाणी घेतले. सगळे ज्या सखल जागेला तुच्छ मानतात तेथे पाणी जाऊन राहते आणि शेवटी दगडालाही झिजवते. प्रजा उपाशी का राहते, याचे त्याने दिलेले कारण अगदी सरळ आहे : वर बसलेले कर फार खातात म्हणून. निसर्ग जेथे जास्त आहे तेथून काढतो आणि कमी आहे तेथे भरतो. माणसांची व्यवस्था नेमके उलटे करते, हे त्याचे निरीक्षण आजही कोणत्याही गावच्या सातबाऱ्यावर ताडून पाहता येईल.

त्याच्यानंतरचा च्वांगत्से हा कथा सांगणारा. त्याच्या कथांत राजाला शहाणपण शिकवतो तो बैल कापणारा खाटीक; राजाच्या हातातले पुस्तक म्हणजे मेलेल्यांचा चोथा आहे, असे तोंडावर सांगतो तो चाके घडवणारा सुतार. एक कथा तर आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. शेन-थू च्या नावाच्या माणसाचा एक पाय शिक्षा म्हणून तोडलेला आहे. तो आणि राज्याचा एक मंत्री एकाच गुरूकडे शिकतात. मंत्र्याला त्याच्याबरोबर बाहेर पडण्याची लाज वाटते. मी निघालो की तू थांब, तू निघालास की मी थांबेन, असे तो बजावतो. दुसऱ्या दिवशी शेन-थू च्या पुन्हा त्याच चटईवर येऊन बसतो. मंत्री संतापतो आणि स्वतःला मंत्र्याच्या बरोबरीचा समजतोस काय, असे विचारतो. त्यावर तो शांतपणे उत्तर देतो की या घरात मंत्री नावाचे काही असते हे मला माहीत नव्हते. गुरूंकडे मला एकोणीस वर्षे झाली, पण मला एक पाय नाही हे त्यांच्या कधी ध्यानातही आले नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागलेल्या भीमरावाची आठवण ज्याला आहे, त्याला त्या एका चटईचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

३

परंतु येथेच थांबून टाळ्या वाजवणे हा आपला मार्ग नव्हे. लाओत्सेच्या ग्रंथाचा मोठा भाग राजाला उद्देशून आहे. राजाने ढवळाढवळ करू नये, हाव सोडावी, शस्त्रे बाजूला ठेवावीत, हा उपदेश योग्यच. पण त्याच ग्रंथात राजाला असेही सुचवले आहे की लोकांची पोटे भरावीत आणि मने रिकामी ठेवावीत. जास्त ज्ञान झालेली प्रजा राज्य करायला अवघड जाते. ज्या चळवळीचा पहिला शब्द 'शिका' हा आहे, तिला ही सूचना कशी मानवेल? ज्ञानाची बंदी आपण हजारो वर्षे भोगली आहे. ती धर्मशास्त्राने घातली काय आणि निसर्गाच्या नावाने घातली काय, बंदी ती बंदीच.

दुसरी गोष्ट त्याच्या आदर्श गावाची. लहानसे गाव, थोडी माणसे. शेजारच्या गावातला कोंबडा आरवलेला ऐकू येतो, पण म्हातारे होऊन मरेपर्यंत कोणी त्या गावाला जात नाही. शहरातल्या वाचकाला हे चित्र फार मोहक वाटते. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे वर्णन अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे डबके या अर्थी केले होते. ज्याचे घर वेशीबाहेर होते, त्याला न हलणारे गाव स्वर्ग वाटत नाही. त्याची मुक्ती गाव सोडून जाणाऱ्या रस्त्यावर होती. मुंबईच्या गिरणीत, रेल्वेत, पलटणीत होती.

तिसरी गोष्ट नम्रतेची. पाण्यासारखे सखल जागी राहा, हा उपदेश उंच आसनावर बसलेल्याला केला तर तो क्रांतिकारक ठरतो. जो आधीच सखल जागी ढकलला गेला आहे त्याला तोच उपदेश केला, तर ती गुलामगिरीची शिकवण होते. समता मागणाऱ्याला सोशिकपणा शिकवणारे आपल्याकडेही कमी नाहीत. तेव्हा कोणताही सुविचार कोण कोणाला सांगतो आहे, हे पाहूनच त्याचा अर्थ लावला पाहिजे. चीनमध्येही हे तत्त्वज्ञान दीर्घकाळ नोकरीतून उतरलेल्या अधिकाऱ्यांचे सांत्वन होऊन राहिले. दिवसा कन्फ्यूशियसचा दंडुका, संध्याकाळी लाओत्सेचा चंद्रप्रकाश, असा त्यांचा सोयीचा संसार होता.

४

या तत्त्वज्ञानाला हातपाय फुटले ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आणि ते पंडितांनी दिले नाहीत. हान राजवट तेव्हा खिळखिळी झाली होती. जमिनी बड्या घराण्यांच्या घशात जात होत्या, पूर आणि साथी यांनी रयत मरत होती. अशा वेळी पूर्वेकडे चांग च्यो नावाचा एक वैदू पुढे आला. तो रोग्याला आपल्या चुका कबूल करायला लावी आणि मंतरलेले पाणी देई. त्याच्या पंथाचे नाव 'थाई-फिंग', म्हणजे महाशांती, महासमता. लाखो लोक त्याच्यामागे गेले. त्यांची ३६ दले उभी राहिली. इ. स. १८४ मध्ये डोक्याला पिवळी फडकी बांधून त्यांनी उठाव केला. जुने आभाळ मेले, आता नवे येणार, ही त्यांची घोषणा होती. त्याच वर्षी चांग च्यो मेला, त्याचे दोघे भाऊ लढाईत पडले आणि उठाव रक्तात बुडाला. पण हान राजवट त्यातून पुन्हा सावरली नाही. या परंपरेशी जोडलेल्या 'थाई-फिंग चिंग' ग्रंथात संपत्ती सर्वांची आहे आणि धान्य दडवणारा श्रीमंत हा कोठारात राहून कोठार आपलेच समजणाऱ्या उंदरासारखा आहे, असा विचार येतो. जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याचा निषेधही त्यात आहे.

पश्चिमेकडे सच्वानच्या डोंगराळ मुलखात याच काळात दुसरा पंथ वाढत होता. त्याचा संस्थापक चांग ताओ-लिंग. इ. स. १४२ मध्ये आपल्याला लाओत्सेचा साक्षात्कार झाला असे तो सांगे. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला पाच मापे तांदूळ द्यायचा, आजच्या हिशेबाने सुमारे १० लिटर. म्हणून लोक त्याला 'पाच माप तांदळाचा पंथ' म्हणू लागले. त्याचा नातू चांग लू याने हानचुंग खोऱ्यात सुमारे तीस वर्षे राज्यच चालवले. त्या राज्याची हकिकत पुढच्या दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे, आणि ते काही त्याचे भक्त नव्हते. सरकारी अंमलदार काढून टाकून पंथाचे धर्मसेवकच कारभार पाहू लागले. रस्त्यारस्त्यांवर धर्मशाळा उभ्या राहिल्या. तेथे तांदूळ आणि मांस ठेवलेले असे, आणि वाटसरूने पोटापुरते घ्यावे असा नियम होता. गुन्हेगाराला तीनदा माफी मिळे. किरकोळ चूक करणाऱ्याने शंभर पावले रस्ता दुरुस्त करावा, एवढीच शिक्षा. दारूला बंदी होती. स्त्रियांनाही धर्मसेवकाचे पद मिळे. चिनी लोक ज्यांना रानटी म्हणत त्या डोंगरी जमातीही या पंथात सामील झाल्या.

मंतरलेल्या पाण्याने रोग जातो, हे आपण मानणार नाही. पण ज्या पंडितांनी या लोकांना अंधश्रद्ध ठरवले, त्यांनी उपाशी वाटसरूसाठी रस्त्यावर किती भात शिजवला, हा प्रश्न उरतोच. ताओच्या तत्त्वज्ञानाने विषमतेचे वर्णन केले. ती मोडण्याचा पहिला प्रयत्न केला तो ताओच्या धर्माने, पाच पाच मापे तांदूळ गोळा करून.

५

मग या धर्माचे पुढे काय झाले? इ. स. २१५ मध्ये त्साओ त्साओ हा सेनापती हानचुंगवर चालून आला आणि चांग लू शरण गेला. त्याला व त्याच्या मुलांना सरदारक्या मिळाल्या, त्याची मुलगी त्साओ त्साओची सून झाली, आणि पंथाची हजारो कुटुंबे उत्तरेकडे हलवली गेली. पंथ देशभर पसरला, पण धर्मशाळांचे राज्य संपले.

त्यानंतरची दिशा दरबाराची आहे. पाचव्या शतकात उत्तरेच्या वेई राज्यात खौ छिएन-च याने ताओ धर्म 'शुद्ध' केला. या शुद्धीत जुन्या चांगांची तांदळाची वर्गणी रद्द झाली आणि राजधानीत राजाच्या खर्चाने वेदी उभी राहिली. इ. स. ४४२ मध्ये राजाने स्वतः ताओची दीक्षा घेतली आणि ४४६ मध्ये त्याच राजाने बौद्ध भिक्खूंच्या कत्तलीचा हुकूम काढला. थांग सम्राटांचे आडनाव ली, लाओत्सेचेही आडनाव ली. तेव्हा लाओत्से त्यांचा पूर्वज झाला आणि ६६६ मध्ये त्याला सम्राटाची पदवी मिळाली. राज्यकर्त्यांना कर कमी करा म्हणणारा माणूस अखेर राज्यकर्त्यांच्या वंशावळीत जाऊन बसला. याच घराण्याच्या एका ताओभक्त सम्राटाने ८४५ मध्ये बौद्धांवर वरवंटा फिरवला. सरकारी नोंदीप्रमाणे ४,६०० विहार पाडले गेले आणि २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवावे लागले.

यातली एक गोष्ट आपल्या काळजाला भिडणारी आहे. इ. स. ३०० च्या सुमारास ताओपंथीयांनी एक ग्रंथ रचला. लाओत्से पश्चिमेला भारतात गेला आणि तेथे बुद्ध झाला, असे त्यात सांगितले. म्हणजे बुद्ध स्वतंत्र कोणी नव्हेच, आमच्याच लाओत्सेचे ते एक रूप! आपल्याकडे ब्राह्मणी पुराणांनी बुद्धाला विष्णूचा अवतार केले, तोच हा डाव. विरोधकाला हरवता आले नाही तर त्याला आपल्या देव्हाऱ्यात बसवायचे. बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हे बाबासाहेबांनी मुद्दाम का घातले, ते चीनचा इतिहास वाचला की आणखी स्पष्ट होते. चीनमधल्या बौद्धांनी या ग्रंथाशी शतकानुशतके वाद घातला. पण त्यांनीही अखेर राजदंडाचाच आधार घेतला. १२८१ मध्ये कुब्लाई खानाने 'ताओ ते चिंग' वगळता ताओचे सारे ग्रंथ जाळण्याचा हुकूम दिला. राजाच्या मांडीवर बसलेला कोणताही धर्म, आपलासुद्धा, असाच वागतो.

६

आता नाशिकला परत येऊ. सच्वानमध्ये पाच माप तांदळाचा पंथ सुरू झाला त्याच दुसऱ्या शतकात आपल्या त्रिरश्मी डोंगरावर लेणी कोरली जात होती. लोकांनी पुढे त्यांना पांडवलेणी म्हटले. आपला बुद्ध विसरला गेला आणि महाभारत चिकटले. पण भिंती बोलतात. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. याच उषवदाताने ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचेही तेथेच कोरले आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, चार वर्णांचा संकर थांबवणारा म्हणून स्तुती आहे. बुद्धाच्या विहाराच्या भिंतीवर वर्णसंकर थांबवणाऱ्या राजाची स्तुती! लेणे राजघराण्याचे, गाव राजाने दिलेले. मग भिंतीवर काय कोरायचे हे भिक्खू कसे ठरवणार?

पण त्याच डोंगरावर दुसरेही लेख आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीवर नाशिककरांच्या धंभिक गावाचे दान नोंदलेले आहे. ते ना राजाचे, ना सरदाराचे, एका गावाचे आहे. आणखी एका लेण्यावर मुगुदास नावाच्या माणसाचे नाव आहे. त्याच्या नावापुढच्या 'दासक' शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी मच्छीमार असा लावला आहे. म्हणजे एकाच डोंगरावर दोन हात आहेत, जनतेचा आणि राजवाड्याचा. ताओ धर्माच्या इतिहासातही तेच दोन हात दिसतात. कोणता हात वरचढ ठरतो, यावर धर्माचे भवितव्य ठरते.

सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेला. मायदेशी परतल्यावर ६४७ मध्ये त्याला सम्राटाचा हुकूम झाला की कामरूपच्या राजासाठी लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात आणावा. मदतीला दिलेले ताओपंथी पंडित म्हणाले, 'ताओ' म्हणजे 'बोधी' असे करा. ह्युएनत्संग अडून बसला : ताओ म्हणजे 'मार्ग', बोधी नव्हे. तो अनुवाद आज उपलब्ध नाही. पण त्याचा आग्रह मोलाचा आहे. मार्ग ही पूजा करण्याची वस्तू नव्हे. तो चालायचा असतो, आणि खचला तर शंभर पावले का होईना, आपण दुरुस्त करायचा असतो.

दादासाहेब गायकवाडांनी धम्म स्वीकारला आणि ते विहारात बसून राहिले नाहीत. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला, हजारो माणसे तुरुंगात गेली. धम्म आणि जमीन यांत त्यांनी भिंत घातली नाही. आज आपल्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे आहेत. काही लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले, काही पुढाऱ्यांच्या निधीतून. दारावर ज्याचे नाव कोरले आहे, त्याच्याविरुद्ध त्या विहारात सभा घेता येते काय? तेथे संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात काय, की फक्त पौर्णिमेला वंदना होते? उपाशी वाटसरू तेथे आला तर त्याला काय मिळते?

हे प्रश्न ताओ धर्माला कोणी वेळेवर विचारले नाहीत. तत्त्वज्ञान सांभाळणारे पंडित वेगळे राहिले, धर्म चालवणारे पुजारी वेगळे झाले, आणि तांदूळ देणारी माणसे पुन्हा होती तेथेच राहिली. आपल्याजवळ तत्त्वज्ञान आहे, धम्म आहे आणि माणसेही आहेत. धंभिक गावाने राजाची वाट न पाहता आपली कमान उभी केली होती. आपण कोणाची वाट पाहात आहोत?